टाकीचं रक्त

सेंट्रिफ्यूजचं, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राचं, झाकण आपटायचं नसतं, हे मी लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. त्या सोमवारी मीच ते असं आपटलं की शेजारच्या खोलीतून दोन डोकी डोकावली. काही फुटलं का, विचारायला. काही फुटलं नव्हतं. माझं डोकं फुटायच्या बेतात होतं, पण त्याचा आवाज होत नाही.

नुकतीच मीटिंग संपली होती, आणि तिच्यात सरांनी माझ्या तीन वर्षांच्या कामावर बोळा फिरवला होता. तोही हसत हसत, बिस्किटाचा पुडा सगळ्यांपुढे सरकवत.

आमचं काम मारेकरी पेशींवर. नाव भयंकर असलं तरी त्या आपल्याच रक्तातल्या आणि आपल्याच बाजूच्या. अंगभर फिरतात आणि समोर येईल त्या पेशीला चाचपून बघतात. कॅन्सरची असली, विषाणूने पोखरलेली असली, तर तिला घट्ट चिकटतात आणि मारून टाकतात. निरोगी असली तर सोडून पुढे जातात. हे चाचपण्याचं काम करतात त्यांच्या अंगावरचे रिसेप्टर. काही रिसेप्टर सांगतात, ‘पकड, हिचं लक्षण धड दिसत नाही.’ दुसरे सांगतात, ‘थांब, हिच्या अंगावर घरची खूण आहे.’ माझी सगळी भांडणं या दुसऱ्या प्रकारावरून.

लोक असं धरून चालायचे की ‘थांब’ म्हणणारा रिसेप्टर फक्त मारायचं थांबवतो, चिकटणं काही त्याच्या हातात नसतं. मी दाखवलं की तसं नाही. घरची खूण पटली की तो आधी पकडच ढिली करतो. मारण्याचा प्रश्न पुढचा, तोवर हात सुटलेला असतो. सरांनी हा निष्कर्ष ठिकठिकाणच्या परिषदांत मिरवला, आणि मीही मिरवला. मग आमच्याकडे झटपट आला.

झटपट हे अर्थातच त्याचं खरं नाव नाही. पण कुठलंही काम सांगा, तो म्हणणार, ‘झटपट करून टाकू.’ मला जे करायला अख्खा दिवस लागायचा ते तो जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचा. त्याने माझाच प्रयोग पुन्हा केला आणि उलटं उत्तर आणलं. घरची खूण असो नसो, मारेकरी पेशी सारख्याच चिकटत होत्या. सरांनी ठरवून टाकलं की शुक्रवारी जो लेख छापायला जाणार आहे त्यातून माझा भाग काढायचा आणि शेवटी एक ओळ घालायची, की आमचा आधीचा निष्कर्ष टिकला नाही. ती ओळ एकदा छापून आली की माझ्या नावापुढे जन्मभर तेवढंच राहणार होतं.

“सर, एकदा माझ्या पद्धतीने करून बघू द्या,” मी मीटिंगमध्ये म्हटलं.

“तुझ्या पद्धतीने तू तीन वर्षं केलंसच की.”

“तेच तर म्हणतेय मी! तीन वर्षं एकच उत्तर येतंय.”

“चिडू नकोस. चिडून विज्ञान होत नाही.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. झटपट टेबलावर मूठ आपटून बोलतो तेव्हा तो ठाम असतो. मी नुसता सूर चढवला की मी चिडलेली असते. सगळ्यांनी माना खाली घालून बिस्किटं खाल्ली. यांतल्या निम्म्या लोकांना काचेची नळी कशी धरायची ते मी शिकवलं आहे.

झाकण आपटून झाल्यावर मी सरळ झटपटच्या टेबलाशी गेले आणि न विचारता त्याची पेशींची बाटली उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्या बाटलीत नुसत्या मारेकरी पेशी होत्या. त्यांच्यासमोर अजून कोणी आणलेलंच नव्हतं, ना कॅन्सरच्या पेशी, ना निरोगी. खरं तर त्या सुट्या सुट्या, गोल गोल दिसायला हव्यात. इथे त्या गोळे करून बसल्या होत्या. काही तर बाटलीच्या तळालाच चिकटून पसरल्या होत्या.

“रक्तातून या कशा काढल्यास?” मी विचारलं.

“मण्यांनी. चुंबकाचे बारीक मणी येतात. मारेकरी पेशीला मणी लावायचा, चुंबकाने ओढायची. झटपट होतं.”

“मणी तिला कुठे धरतो?”

“म्हणजे?”

“अरे, पेशीच्या अंगावर कुठेतरी धरत असेल ना तो मणी! कशाला धरतो?”

त्याने डबा उलटा करून वाचलं. त्याने वाचलेलं ऐकून मला हसावं की त्याच्या डोक्यावर डबा फोडावा ते कळेना. मणी धरत होता तो नेमका ‘पकड’ म्हणणारा रिसेप्टर. माझी पद्धत संथ आहे, कारण तिच्यात मारेकरी पेशींना हातच लावायचा नसतो. बाकीच्या सगळ्या पेशी वेचून बाजूला काढायच्या आणि मागे ज्या उरतील त्या घ्यायच्या. या पठ्ठ्याने त्यांना भडकवणारं बटण दाबून बाहेर ओढलं होतं. झोपलेल्या माणसाला कॉलर धरून खेचत आणायचं, आणि मग त्याच्यापुढे एक गरीब बिचारा उभा करून बघायचं की हा अंगावर जातो का. जाणारच की! तो समोर कोण आहे हे बघण्याच्या मनःस्थितीतच नाही.

मी तशीच सरांच्या खोलीत घुसले. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“असं असेल तर दाखव. एकाच माणसाचं रक्त घ्या, अर्धं त्याच्या पद्धतीने, अर्धं तुझ्या. शेजारी शेजारी ठेवून. गुरुवारपर्यंत वेळ आहे.”

“आणि नाही दाखवता आलं तर?”

“तर ती ओळ जाईल,” सर म्हणाले.

आता प्रश्न रक्ताचा. आमच्याकडे रीत अशी आहे की सकाळी कोणीतरी ओरडतं, ‘आज कोण देतंय?’ आणि कोणीतरी बाही वर करतं. शिवाय ओळखीतले काही लोक येऊन रक्त देऊन जातात, त्यांची संमती आधीच घेतलेली असते. नळीवर खरं नाव लिहीत नाहीत, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव आहे. मुंगी, घोडा, पोस्टमन. पण मला लागत होता तो ‘थांब’ म्हणणारा रिसेप्टर सगळ्यांच्या पेशींवर सारखा नसतो. कोणाच्या जेमतेम मूठभर पेशींवर असतो, कोणाच्या एकीवरही नसतो. बाहेरून येऊन रक्त देणाऱ्यांत एकाच माणसाच्या बहुतेक सगळ्या मारेकरी पेशींवर तो होता, आणि रक्त काढताना तो माणूस नळीवर नळी भरून द्यायचा. म्हणून त्याचं नाव पडलं होतं टाकी.

माझ्या रक्तातही तो रिसेप्टर भरपूर आहे. पण आपल्या प्रयोगात आपलंच रक्त वापरायचं नाही, हा आमचा नियम, आणि तो मीच सगळ्यांच्या डोक्यात भरवलेला. माझ्यात आहे याचं नवल नाही म्हणा. टाकी माझा धाकटा भाऊ आहे.

आम्ही बोलत नव्हतो. आई गेली तेव्हापासून.

आई अतिदक्षता विभागात होती, घशात श्वासाची नळी घातलेली. मी समुद्रापार एका परिषदेत, याच निष्कर्षावर भाषण द्यायला गेले होते. तिथून फोनवर धाकट्याला बजावलं, ‘मी निघाले आहे. मी पोचेपर्यंत काहीही सोडायचं नाही. धरून ठेव.’ मी विमानातून उतरले तोवर त्याने सही करून नळी काढायला लावली होती आणि आई गेली होती. मी दारातूनच सुरू केलं. तुला एक दिवस धरवलं नाही, म्हटलं. कंटाळलास का, म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो भिंतीला टेकून उभा होता. एक शब्द बोलला नाही. मी त्याचा अर्थ लावला, बोलायला याच्याकडे तोंडच नाही.

आता त्याच्याच दारात हात पसरायची वेळ आली होती. फोन करताना सरांवरचा राग, झटपटवरचा राग आणि धाकट्यावरचा राग असा एकत्र कालवला गेला होता की कुठला कोणाचा ते मलाही सांगता आलं नसतं. फोन भावजयीने घेतला. ती एरवी मला ताई म्हणते. बिनसलेलं असलं की वन्सं.

“बोला, वन्सं.”

“त्याला म्हणावं, रक्त हवंय.”

“अगं बाई! कोणाला काय झालं?”

“कोणाला काही झालेलं नाही. कामासाठी हवंय.”

पलीकडे तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “इतक्या दिवसांनी फोन, आणि तोही रक्त मागायला. बरंय. सांगते त्यांना.”

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. बुधवारी सकाळी आला. घरांना रंग देण्याचं काम करतो तो, ते अर्धवट टाकून तसाच आलेला. कोपरापर्यंत पिवळ्या रंगाचे शिंतोडे. रक्त काढणाऱ्या सिस्टरनी स्पिरिटचा बोळा घासून घासून शीर शोधायला जागा केली.

“तुमची टाकी गळतेय वाटतं, रंग बाहेर येतोय,” त्या म्हणाल्या. पूर्वी या विनोदावर तो खो खो हसला असता आणि वर ‘किती लिटर काढणार बोला’ म्हणाला असता. आता माझ्याकडे न बघता त्याने एवढंच विचारलं, “कुठल्या हाताचं?”

“कुठल्याही,” मी म्हटलं. नळ्या भरल्यावर तो बाही खाली करून निघून गेला. मी ‘थँक्यू’ म्हणणार होते, पण नळ्यांवर ‘टाकी’ लिहीत बसले. राहिलंच.

अर्धं रक्त झटपटने घेतलं, त्याच्या हाताने, त्याच्या मण्यांनी. उद्या कोणी म्हणायला नको की बाईंनी मुद्दाम बिघडवलं. अर्ध्याचं मी माझ्या संथ पद्धतीने केलं. मारेकरी पेशींना हिरवा रंग दिला. त्यांच्यापुढे आणायच्या पेशी लाल केल्या. त्या दोन प्रकारच्या घेतल्या, काही घरची खूण असलेल्या, काही नसलेल्या. हिरव्या आणि लाल एका नळीत घालायच्या, चिकटायला थोडा वेळ द्यायचा, मग नळी दणकून हलवायची. नुसत्या शेजारी बसलेल्या असतात त्या दणक्याने सुटतात, खरोखर धरलेल्या सुटत नाहीत. मग मशीन एकेक थेंब तपासतं आणि हिरवी-लाल जोडी दिसली की मोजतं. नळ्या हलवायचं काम मी आनंदाने केलं. त्या दिवशी मला काहीतरी हलवायलाच हवं होतं.

पडद्यावर उत्तर आलं तेव्हा सर माझ्या मागे उभे होते आणि झटपट नखं खात होता. खूण नसलेल्या पेशींना दोन्हीकडच्या मारेकऱ्यांनी गच्च धरलं होतं. ते सगळ्यांनाच अपेक्षित होतं. घरची खूण असलेल्यांनाही झटपटच्या पेशींनी तसंच धरलं होतं. माझ्या पेशींनी त्यांना सोडून दिलं होतं. आमच्या पडद्यावर जोड्या कोपऱ्यात दिसतात. तो कोपरा माझ्याकडे जवळजवळ रिकामा होता. रक्त एकाच हातातून आलेलं. फरक होता तो फक्त पेशी भडकवून आणल्या की नाही एवढाच.

“मण्यांमुळे असेल,” झटपट पुटपुटला.

“असेल नाही. आहे.”

“छान, छान,” सर म्हणाले. “आपल्या लॅबने चूक वेळीच पकडली.”

आपल्या लॅबने! सोमवारी जी मी चिडलेली होते, ती बुधवारी लॅब झाले. मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, “पण एकदाच झालंय. उद्या पुन्हा करा. त्याच माणसाचं रक्त घेऊन.”

“झटपटने एकदाच केलं होतं, तेव्हा तुम्ही लेख बदललात, सर. माझ्याच वेळी दोनदा का?”

“कारण तुला खात्री आहे,” सर म्हणाले आणि निघून गेले. असलं काहीतरी गोल बोलून जाण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी रिकाम्या नळ्यांचा ट्रे कचऱ्यात असा ओतला की शेजारून पुन्हा दोन डोकी आली.

एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आलं, ती ओळ लेखात गेली नाही आणि माझा निष्कर्ष जागच्या जागी राहिला. झटपटने मण्यांचा डबा स्वतःच्या हाताने टाकून दिला, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. पण ते दुपारनंतरचं. त्याआधी सकाळी पुन्हा रक्त काढावं लागलं.

धाकटा आला. या वेळी हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. भावजयीने घालायला लावला असणार. सिस्टरनी नळ्या भरल्या, सुई काढली आणि तेवढ्यात त्यांना कोणीतरी बाहेरून हाक मारली. “बाई, बोळा दाबून धरा जरा, आलेच,” म्हणून त्या गेल्या. बोळा माझ्या हातात आला. कित्येक दिवसांनी मी त्याच्या अंगाला हात लावला होता, आणि तोही सरकारी कामासारखा.

“काल काय दिसलं?” त्याने विचारलं.

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण रक्त त्याचं होतं. मी थोडक्यात सांगितलं, मण्यांचं, पकडीचं, घरच्या खुणेचं. भडकवून आणलेली पेशी घरची खूण ओळखत नाही, मिळेल त्याला धरते, असंही सांगितलं.

“तुझ्यासारखी,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?”

“ऐकलंस तू.”

“हे बघ, माझ्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. रक्त दिलंस, उपकार झाले. बाकी काही ऐकायला मी बसलेली नाही.”

“तू कधीच नसतेस बसलेली! त्या दिवशी तरी बसलीस का? दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच सुरू झालीस. चपला पायात होत्या तुझ्या. मी सांगायला उभा राहिलो होतो. सांगू दिलंस?”

तो ओरडत होता. माझा धाकटा भाऊ, ज्याने लहानपणी माझा मार खाऊनही आईकडे चुगली केली नाही, तो मान ताठ करून माझ्यावर ओरडत होता.

“काय सांगणार होतास? सही केलीस ना तू?”

“केली.”

“मी येत होते. एक दिवस थांबायचं होतं फक्त.”

“तिचे हात बांधले होते,” तो म्हणाला.

मी बोळा आणखी दाबला.

“पट्ट्यांनी. पलंगाच्या दांड्याला. एकदा तिने नळी ओढून काढली, त्यांनी परत घातली. मग पुन्हा काढेल म्हणून हात बांधून टाकले. डॉक्टर आधीच म्हणाले होते, यातून त्या बऱ्या होणार नाहीत, फक्त दिवस पुढे जातील. मी जवळ गेलो की ती बोटं हलवायची. बोलता येत नव्हतं ना, मग बोटं अशी, अशी करायची. सोड म्हणून. तू फोनवर सांगितलंस धरून ठेव. मी धरूनच होतो गं. रात्रभर तिचा तो बांधलेला हात धरून बसलो होतो. सकाळी म्हटलं, बास. तिचे हात मोकळे करायला सही केली मी. मोकळे केल्यावर तिने पहिलं काय केलं सांगू? माझ्या तोंडावरून हात फिरवला.”

त्याचा आवाज फाटला. तो खिडकीकडे तोंड करून बसला. बाहेर कोणीतरी स्टूल सरकवलं, सिस्टर कोणाशी तरी हसत बोलत होत्या. मला राग आला. प्रचंड राग आला. पण या वेळी तो कोणाच्या अंगावर फेकावा तेच कळेना. त्याच्यावर नाही. पट्ट्या बांधणाऱ्यांवर? ते त्यांचं काम करत होते. आईवर? राग तसाच हातात गोळा होऊन बसला, आणि मी बोळा दाबत राहिले.

“मनगटाला वळ उठले होते तिच्या,” तो म्हणाला. “तू आलीस तेव्हा चादर होती अंगावर. तू बघितलेच नाहीस.”

मी बघितले नव्हते. मी त्या खोलीत उभी राहून फक्त त्याच्याकडे बघत होते.

“ताई, सोड आता,” तो म्हणाला. “रक्त कधीच थांबलंय.”

माझा अंगठा पांढरा पडला होता. मला सोडायचं होतं, पण बोटं ऐकेनात. त्याच्या दंडावर, रक्त काढताना बांधलेल्या रबरी पट्ट्याची लाल रेघ अजून उमटलेली होती, आणि माझी नजर तिच्यावरून हलेना.

“वळ कुठल्या हाताला होते?” मी विचारलं. या सगळ्या काळात आईबद्दल मी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

“दोन्ही,” तो म्हणाला.